पात्र कोणाचे, जोखीम कोणाची

धनादेशावर नावाचे स्पेलिंग चुकले असेल तर मागील बाजूस दोनदा सही घेण्याची रीत बँकेतील मंडळींना चांगलीच ठाऊक आहे. एकदा धनादेशावर लिहिले आहे तशी आणि एकदा खऱ्या नावाची. १ मार्च १९३८ या तारखेच्या एका धनादेशावर अशाच दुहेरी सह्या आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांना ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या कंपनीने दिलेला तो धनादेश ४१२ डॉलरचा होता. त्यातील बरीचशी रक्कम इतर कामांच्या मोबदल्याची होती. ‘सुपरमॅन’ या पात्राचे सर्व हक्क कायमचे घेतल्याबद्दल त्यात होते अवघे १३० डॉलर. पैसे देणाऱ्याला आपल्या निर्मात्यांची नावेही नीट लिहिता आली नव्हती, ही गोष्ट त्या व्यवहाराविषयी पुष्कळ काही सांगून जाते. हाच कागद २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. सुपरमॅनच्या जनकांच्या वाट्याला मात्र न्यायालयीन पराभव आणि दीर्घकाळची ओढग्रस्त आली. वृत्तपत्रांतून गवगवा झाल्यानंतर १९७५ च्या अखेरीस कंपनीच्या तत्कालीन मालकांनी त्यांना प्रत्येकी वार्षिक २० हजार डॉलर निर्वाहवेतन देण्याचे आणि त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले.

कॉमिक्सच्या धंद्यात नवे प्रकाशनगृह काढणाऱ्याला हा इतिहास वारसाहक्काने मिळतो. कागद, छपाई, वितरण यांची जुळवाजुळव कष्टाने का होईना होऊ शकते. परंतु लेखक आणि चित्रकार समोर येऊन बसतात ते मनात शंका घेऊनच. या शंकेला आणखीही कारणे आहेत. ‘फँटॅस्टिक फोर’, ‘हल्क’, ‘थॉर’, ‘एक्स-मेन’ ही पात्रे स्टॅन ली यांच्या जोडीने घडवणारे जॅक कर्बी यांना स्वतः रेखाटलेली मूळ पाने परत मिळावीत म्हणून १९८० च्या दशकात मार्व्हल कंपनीशी अनेक वर्षे झगडावे लागले. १९८७ मध्ये त्यांच्या हाती सुमारे दोन हजार पाने आली. काढलेली पाने त्याच्या कितीतरी पट होती. कायद्याच्या भाषेत या पद्धतीला मोबदल्यासाठी केलेले काम असे म्हणतात. कामाचे पैसे मिळाले की संबंध संपला. पुढे त्या पात्राचा चित्रपट निघो, खेळणी निघोत, शाळेची दप्तरे निघोत, निर्मात्याचा त्यावर हक्क उरत नाही.

या पद्धतीला पर्याय शोधणारे लोक अर्थातच होते. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी १९८४ मध्ये ‘टीनएज म्यूटंट निन्जा टर्टल्स’चा पहिला अंक स्वतःच छापला. भांडवल म्हणजे प्राप्तिकराचा परतावा आणि नातलगाकडून घेतलेले कर्ज. प्रती सुमारे तीन हजार. हक्क स्वतःकडे ठेवल्यामुळे पुढे दूरचित्रवाणी मालिका व खेळण्यांतून जो पैसा आला तो या दोघांच्याच घरी आला. १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे काही चित्रकारांनी एकत्र येऊन निर्मात्यांच्या हक्कांची एक सनदही तयार केली. तिचा बराचसा मसुदा स्कॉट मॅक्लाऊड यांचा होता.

याच ईस्टमन यांनी १९९० मध्ये ‘टुंड्रा’ नावाचे प्रकाशनगृह काढले. कलावंताला मुक्तहस्ते आगाऊ रक्कम द्यावी, मालकी त्याचीच राहू द्यावी, मुदतीचा जाच करू नये, कागद उत्तम वापरावा, असे सगळे चांगले संकल्प तेथे एकवटले होते. कलावंतांचा विश्वास बसायला वेळ लागला नाही, कारण प्रकाशक त्यांच्यातलाच होता. परंतु कोणत्या पुस्तकावर किती खर्च झाला आणि ते कधी पूर्ण होणार, याचा ताळमेळ राहिला नाही. अवघ्या तीन वर्षांत, १९९३ मध्ये, संस्था गुंडाळावी लागली. आपले सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर त्यात गेल्याचे पुढे ईस्टमन यांनीच सांगितले. मॅक्लाऊड यांचे ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे आज अभ्यासक्रमांत नेमले जाणारे पुस्तक टुंड्राने काढले होते. तेव्हा निवड चुकली असे म्हणता येत नाही. चुकली ती वही.

सहा भागीदार, एक अक्षर

या पार्श्वभूमीवर १९९२ साली स्थापन झालेल्या ‘इमेज कॉमिक्स’ची हकीकत पाहिली पाहिजे. तिचे संस्थापक कोणी होतकरू नव्हते. टॉड मॅकफार्लेन यांच्या ‘स्पायडर-मॅन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक १९९० मध्ये सुमारे २५ लाख प्रती खपला होता. रॉब लीफेल्ड यांचा ‘एक्स-फोर्स’ १९९१ मध्ये ५० लाखांच्या घरात गेला आणि त्याच वर्षी जिम ली यांनी रेखाटलेल्या ‘एक्स-मेन’ने ८० लाखांचा टप्पा गाठला. एवढा खप असूनही पात्रे मार्व्हलचीच होती. डिसेंबर १९९१ मध्ये या तिघांनी मार्व्हलच्या वरिष्ठांना भेटून आपण यापुढे काम करणार नसल्याचे सांगितले. एरिक लार्सन, मार्क सिल्व्हेस्ट्री आणि जिम व्हॅलेंटिनो हे त्यांना येऊन मिळाले. सातवे व्हिल्स पोर्टासिओ कौटुंबिक कारणामुळे भागीदार झाले नाहीत.

नव्या संस्थेचे नियम दोनच होते. पहिला, निर्मात्याच्या कामाची मालकी संस्थेकडे कधीही जाणार नाही. संस्थेची मालमत्ता म्हणजे तिचे नाव आणि ‘आय’ या इंग्रजी अक्षराचे बोधचिन्ह. दुसरा, एका भागीदाराने दुसऱ्याच्या कलेत वा पैशात हात घालायचा नाही. प्रत्येकाचा स्टुडिओ वेगळा, हिशेब वेगळा. ज्या संस्थेच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, तिला कोणती बँक कर्ज देईल, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. इमेजने तो प्रश्न प्रारंभी टाळला. कॅलिफोर्नियातील मॅलिबू या छोट्या प्रकाशनाशी त्यांनी व्यवस्था केली. छपाई आणि वितरणाचे काम मॅलिबूने पाहायचे व त्याचा मोबदला घ्यायचा, असे ठरले. एप्रिल १९९२ मध्ये लीफेल्ड यांचा ‘यंगब्लड’ आणि मे महिन्यात मॅकफार्लेन यांचा ‘स्पॉन’ प्रसिद्ध झाला. ‘स्पॉन’च्या पहिल्या अंकाची विक्री सुमारे १७ लाख प्रतींची झाली. १९९३ मध्ये इमेज स्वतःच्या पायावर उभी राहिली.

पहिल्या नियमाची खरी कसोटी लागली ती माणसे सोडून जाऊ लागली तेव्हा. १९९६ मध्ये भागीदारांतील वादातून लीफेल्ड बाहेर पडले. १९९८ मध्ये जिम ली यांनी आपला ‘वाइल्डस्टॉर्म’ हा स्टुडिओ, त्यातील सर्व पात्रांसह, थेट प्रतिस्पर्धी डीसी कंपनीला विकला. इमेजला त्याबद्दल एक पैही मिळाली नाही, मिळण्याचे कारणही नव्हते. संस्थेच्या दृष्टीने हा मोठा तोटा होता; परंतु बाहेरून पाहणाऱ्या चित्रकारांना त्यातून एक गोष्ट दिसली, की येथे लिहून दिलेले खरोखरच पाळले जाते. जाणाऱ्याला त्याचे सामान घेऊन जाऊ देणे, ही हमी करारनाम्यातील कोणत्याही कलमापेक्षा बोलकी असते.

दुकानदाराचे पैसे

विश्वास हा केवळ चित्रकाराचाच मिळवावा लागतो असे नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून कॉमिक्सची स्वतंत्र दुकाने वाढत गेली. त्यांच्या व्यवहाराची पद्धत अशी, की दुकानदाराने दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवायची, त्याला सवलत जास्त मिळायची, मात्र न विकलेला माल परत करता यायचा नाही. जोखीम अशा रीतीने दुकानदाराच्या गल्ल्यावर येऊन पडते. इमेजचे अंक वेळेवर निघेनासे झाले तेव्हा याच व्यवस्थेवर ताण आला. मे महिन्याचा म्हणून मागवलेला अंक पावसाळा उलटून येऊ लागला, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेले आणि दुकानदाराचे गणित कोलमडलेले. १९९३ मध्ये व्हॅलियंट या प्रकाशनाबरोबर संयुक्तपणे काढलेली ‘डेथमेट’ ही मालिका तर या दिरंगाईचे उदाहरण म्हणूनच आजही सांगितली जाते. त्या सुमारास संग्राहकांची सट्टेबाजी ओसरली, बाजार घसरला आणि पुढील काही वर्षांत शेकडो दुकाने बंद पडली. सारा दोष एका प्रकाशकाचा नव्हता, तरी वेळ न पाळणाऱ्यांनी त्यात भर घातली हे नाकारता येत नाही.

भागीदार सारे चित्रकार. मुदतीची आठवण करून देणारा वरिष्ठ नको म्हणूनच तर त्यांनी नोकरी सोडली होती! अखेर १९९३ मध्ये लॅरी मार्डर यांना कार्यकारी संचालक म्हणून आणण्यात आले. ‘बीनवर्ल्ड’चे कर्ते म्हणून ते स्वतः कलावंत होते, परंतु वेळापत्रक आणि देणी-घेणी यांना शिस्त लावण्याचे रुक्ष काम त्यांच्याकडे आले. अशा माणसाचे नाव मुखपृष्ठावर येत नाही.

शब्द दिला, कागद नाही

इमेजच्या कीर्तीला लागलेला डाग मात्र मुदतीचा नाही, तर नेमका हक्कांचाच आहे. १९९३ मध्ये मॅकफार्लेन यांनी ‘स्पॉन’च्या काही अंकांसाठी नामवंत लेखकांना पाचारण केले. नवव्या अंकाचे लेखन नील गेमन यांनी केले आणि त्यात अँजेला, कोग्लिओस्त्रो व मध्ययुगीन स्पॉन ही तीन पात्रे आणली. मोठ्या कंपन्यांपेक्षा आपण चांगले वागवू, असा तोंडी शब्द होता. लेखी करार नव्हता. पुढे त्या पात्रांची खेळणी निघाली आणि हक्कांवरून वाद झाला. २००२ मध्ये ज्यूरीने गेमन यांच्या बाजूने कौल दिला, २००४ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो कायम केला आणि गेमन हे त्या पात्रांचे सहस्वामी ठरले. अंतिम तडजोड व्हायला २०१२ उजाडले. निर्मात्याच्या हक्कांसाठी नोकरीवर लाथ मारणारा चित्रकार स्वतः प्रकाशक झाल्यावर निर्मात्याविरुद्ध न्यायालयात उभा राहावा, यात नियतीचा खेळ वगैरे शोधण्याची गरज नाही. खुर्ची बदलली की त्याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसू लागते, इतकाच त्याचा अर्थ. तोंडी व्यवहाराने जे काही शे डॉलरच्या वकिली कागदात मिटले असते, त्यासाठी दहा वर्षे गेली.

इमेजच्या आताच्या व्यवस्थेचा गाभा साधा आहे. पुस्तकाच्या विक्रीतून छपाईचा व वितरणाचा खर्च वजा होतो, संस्था आपले ठरावीक शुल्क घेते आणि उरलेली सर्व रक्कम निर्मात्यांना जाते. ऐकायला हे फार मोहक वाटते. परंतु याच वाक्याची दुसरी बाजू अशी, की काम चालू असताना चित्रकाराला पानामागे काहीही मिळत नाही. पुस्तक छापले जाईल, दुकानात जाईल, वितरक पैसे देईल, त्यानंतरच शिल्लक राहिली तर ती त्याची. बावीस-चोवीस पानांचा अंक रेखाटायला एका माणसाला साधारण महिना लागतो; रंग भरणारा आणि अक्षरे लिहिणारा यांचे पैसे अनेकदा निर्मात्यालाच द्यावे लागतात. म्हणजे मालकीबरोबर खेळत्या भांडवलाचा भारही निर्मात्याच्या खांद्यावर येतो. ज्याच्याकडे काही महिन्यांची शिल्लक आहे किंवा ज्याच्या घरात दुसरे कोणी कमावते आहे त्यालाच हे परवडते. मोठ्या कंपनीची पानामागची बिदागी अनेक उत्तम चित्रकार आजही पत्करतात, ते काही हक्कांचे मोल न कळल्यामुळे नव्हे.

ज्यांना थांबणे जमले त्यांच्यापैकी सर्वांत गाजलेले नाव रॉबर्ट कर्कमन यांचे. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा ‘द वॉकिंग डेड’ कृष्णधवल रूपात सुरू झाला तेव्हा पहिल्या अंकाची मागणी सात हजारांच्या आसपास होती. नुसत्या भुताळ्या प्रेतांची गोष्ट प्रकाशकाला पटेना, म्हणून यामागे परग्रहवासीयांचा कट असल्याची थाप कर्कमन यांनी मारली होती. हे त्यांनीच नंतर हसत हसत सांगितले आहे. विश्वास नेहमी प्रकाशकानेच मिळवायचा असतो असे नाही, हे या निमित्ताने नोंदवायला हरकत नाही. २०१० मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली, २०१२ मध्ये शंभराव्या अंकाची मागणी साडेतीन लाखांवर गेली आणि २०१९ मध्ये १९३ व्या अंकाने कथा संपली. २००८ मध्येच कर्कमन इमेजचे भागीदार झाले होते. संस्थापकांखेरीज भागीदारी मिळालेले ते पहिले. पण पैसा मोठा झाला तसा येथेही वाद आला. पहिले सहा अंक रेखाटणारे टोनी मूर यांनी २०१२ च्या आरंभी कर्कमन यांच्यावर दावा लावला. त्याच वर्षी तो आपसात मिटला. संस्थेने हक्क घेतला नाही म्हणून दोन निर्मात्यांमधील वाटणीचा प्रश्न सुटत नाही. तो पहिल्या पानाआधीच त्या दोघांनी लिहून ठेवायचा असतो. आणखी एका वर्गाची आठवण उशिरा झाली. कार्यालयात बसून पुस्तके पार पाडणाऱ्या इमेजच्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२२ मध्ये मतदान करून आपली संघटना स्थापन केली.

आपल्याकडचा कागद

भारतात हा विषय काढला की अमर चित्रकथा आठवणे अपरिहार्य आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत आरंभलेल्या या मालिकेला राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांची बोटे लाभली. त्यांची चित्रे पाहत दोन पिढ्या वाढल्या. चित्रकारांची नावे मात्र किती वाचकांना सांगता येतील? नंतरच्या काळात लहान प्रकाशनगृहांनी वेगळ्या वाटा चोखाळल्या. ‘नवयान’ने २०११ मध्ये काढलेले ‘भीमायन’ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील चित्रमय पुस्तक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मसूर स्थानकावर ताटकळलेली मुले आणि महाडचे तळे ही त्यातील दृश्ये मध्य प्रदेशातील परधान गोंड परंपरेचे कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी रेखाटली. चौकटीत माणसे कोंबायला त्यांनी नकार दिला आणि प्रकाशकांनी पुस्तकाची रचनाच त्यांच्या पद्धतीने होऊ दिली. कथा लिहिणारे श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांच्या बरोबरीने त्यांची नावे मुखपृष्ठावर आहेत.

कायदा निर्मात्याच्या बाजूने वाटतो त्याहून अधिक आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-संस्था असते. परंतु स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा हक्क दुसऱ्याकडे जायचा तर लेखी आणि सही केलेले हस्तांतरण हवे. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधन वा रॉयल्टीवर, हे त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो फक्त भारत, असे कलम १९ सांगते. घेतलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरलाच नाही तर, करारात वेगळे काही नसल्यास, तो संपुष्टात येतो. हक्क विकून टाकल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कलम ५७ नुसार निर्मात्याकडे राहतोच. नव्या प्रकाशकाने या गोष्टी स्वतःहून चित्रकाराच्या भाषेत समजावून सांगितल्या आणि सहीपूर्वी मसुदा घरी नेऊन वकिलाला दाखवायला आठवडाभराचा अवधी दिला, तर त्याचे अर्धे काम तेथेच होते.

उरलेले अर्धे हिशेबाचे. निर्मात्यांचे देणे असलेली रक्कम कार्यालयाच्या भाड्यात आणि पुढील पुस्तकाच्या कागदात मिसळून जाणे, हा छोट्या प्रकाशनांचा नेहमीचा रोग आहे. रॉयल्टीसाठी निराळे चालू खाते उघडणे, दर तिमाहीस छापलेल्या, विकलेल्या व परत आलेल्या प्रतींचे विवरण विक्री शून्य असली तरी पाठवणे आणि विवरणाच्या तारखेलाच पैसे जमा करणे, एवढ्याने चित्रकारांच्या वर्तुळात नाव होते. ही मंडळी एकमेकांना फोन करून विचारतात. बँकेकडे कर्जासाठी येणाऱ्या अशा उद्योगाजवळ तारण ठेवण्याजोगे फार थोडे असते, कारण मौल्यवान वस्तू, म्हणजे पात्र, त्याची नसतेच. अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याने त्यामुळे यंत्रसामग्री शोधण्याऐवजी करारनामे, त्यांच्या मुदती आणि वितरकाकडून येणे असलेल्या रकमेचे वय पाहावे हे बरे.

वितरकाकडील मालाबाबत तर विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेतील दुकानांना कॉमिक्स पुरवणारा दीर्घकाळचा सर्वांत मोठा वितरक ‘डायमंड’ याने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. इमेजने २०२३ मध्येच दुकानांचे वितरण ‘ल्युनार’कडे वळवले होते. पण अनेक छोट्या प्रकाशकांचा माल, विकला गेल्यावर पैसे या बोलीवर, डायमंडच्या गोदामात पडून होता. तो आपला आहे असे प्रकाशक म्हणत होते. धनकोंचे पैसे भागवण्यासाठी तो विकण्याची परवानगी त्याच वर्षी न्यायालयाकडे मागण्यात आली. विक्रीबोलीवर ठेवलेल्या मालावरील हक्काची नोंद वेळीच केली होती की नाही, यावर वादाचा बराचसा भर होता, आणि अनेकांनी ती केलेली नव्हती.